एका प्रवेशाचा व्हिसा

"सगळ्यांवर मारायचा?" काउंटरपलीकडच्या मुलीने इंग्रजीत विचारलं.

"सगळ्यांवर," मी म्हटलं आणि कमरेच्या पाऊचमधून एकतीस पासपोर्ट काढून तिच्यापुढे रचले.

ही बारा वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली सकाळ. अंडोरा नावाच्या देशाच्या राजधानीत, पर्यटन कचेरीत मी उभी होते. स्पेन आणि फ्रान्स यांच्यामध्ये डोंगरात बसलेला हा देश एवढासा आहे, की नाश्ता करून एका टोकाकडून निघालेली बस जेवणाच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचते. आम्ही आदल्या दिवशी स्पेनमधून तिथे शिरलो तेव्हा पासपोर्टवर कोणी शिक्का मारला नव्हता, आणि तेच ग्रुपमधल्या परुळेकर आजोबांना सहन होत नव्हतं. देश पाहिला याला पुरावा काय, असं ते कालपासून म्हणत होते. कचेरीत मागितला तर आठवण म्हणून शिक्का मिळतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. मग सगळ्या ग्रुपलाच तो हवासा झाला.

मी पुण्याच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर होते. वय सत्तावीस, आणि एकटीने नेलेली ही पहिलीच युरोपची टूर. शेवटच्या दिवशी प्रवासी अभिप्रायाचा जो फॉर्म भरतात, त्यावर माझी पुढची टूर ठरायची. त्यामुळे ते शिक्का म्हणाले, तर शिक्का.

आमच्या धंद्यात पासपोर्ट प्रवाशांकडे ठेवत नाहीत. विमानतळाबाहेर पडलं की टूर मॅनेजर ते गोळा करते आणि शेवटच्या दिवसापर्यंत पोटावर बांधून फिरते. लोक विसराळू असतात. कोणी उशीखाली ठेवून येतं, कोणी जेवणाच्या टेबलावर. म्हणून ही पद्धत. पण तिचा दुसरा अर्थ असा, की आपल्या पासपोर्टात काय लिहिलंय हे प्रवासी पुन्हा कधी बघत नाही. ते मी बघायचं.

त्या मुलीचं काम लवकर उरकावं म्हणून मी एकेक पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडून द्यायला लागले, आणि ती समोरच्या कोऱ्या पानावर शिक्का मारायला लागली. वीस-बावीस झाले असतील. मी पुढचा उघडला, तिने शिक्का मारला, आणि मी तो उचलताना माझी नजर व्हिसाच्या एका रकान्यावर गेली. किती वेळा प्रवेश करता येईल, त्याचा तो रकाना. बाकी सगळ्यांच्या व्हिसावर तिथे दोन होता. इथे एक होता.

पासपोर्ट आक्काताई मगदूम यांचा होता.

मी तो एक पुन्हा वाचला. का, ते सांगते. युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून एकच व्हिसा ठेवलाय. तो घेऊन स्पेनमध्ये उतरलात की पुढे फ्रान्सला जाताना कोणी अडवत नाही. अंडोरा त्या देशांत नाही. त्याचा स्वतःचा व्हिसाच नाही, आत जायला कोणी काही विचारत नाही. मात्र अंडोरात गेलात म्हणजे तुम्ही त्या सगळ्या देशांच्या बाहेर पडलात. परत फ्रान्समध्ये जा की स्पेनमध्ये, तो दुसरा प्रवेश. आणि अंडोराला विमानतळ नाही, रेल्वे नाही. दोनच रस्ते आहेत, एक फ्रान्सचा आणि एक स्पेनचा. मगदूमकाकूंना दोन्ही बंद होते.

काकू इचलकरंजीच्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. पाचवारी साडी, वर स्वेटर, पायात मुलीने पाठवलेले पांढरे बूट. त्या खरं तर टूरवर आल्याच नव्हत्या. त्यांची मुलगी त्रिशला फ्रान्समध्ये तुलूझला असते, तिचे दिवस भरत आले होते. दोनदा पोटातलं गेलं होतं, हे तिसरं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं, आणि नवरा दिवसभर कारखान्यात. आईने एकटीने विमानं बदलत यायचं म्हणजे भाषेची पंचाईत. म्हणून लेकीने तोडगा काढला की आईला टूरमध्ये घालायचं. मुंबईपासून मराठी माणसांची सोबत होईल, जेवायला भात-आमटी मिळेल, आणि टूर बार्सिलोनाहून पॅरिसला जाताना वाटेत तुलूझला आई उतरेल. व्हिसाही लेकीनेच आमंत्रण पाठवून वेगळा काढायला लावला होता. आमच्या कंपनीने काढलेल्या तिसांवर दोन प्रवेश होते. हा एकतिसावा बाहेरून आला आणि तो कोणी तपासलाच नाही. कोणी म्हणजे मी.

पण यापेक्षा वाईट एक गोष्ट मला त्या काउंटरपाशी आठवली. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट माझ्या हातात देताना काकू म्हणाल्या होत्या, "लेक म्हणत हुती, त्या बारक्या देशात जायच्या आधी इचारून घे, माझा कागद चालतोय का तितं." मी पासपोर्ट उघडलासुद्धा नाही. तीस माणसं एकाच वेळी बोलत होती, कोणाचं तरी सामान जास्त भरलं होतं. मी हसून म्हटलं, "काकू, पासपोर्ट आता माझ्याकडे आहे ना? मग काळजीही माझीच." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला होता.

कचेरीच्या बाहेर येऊन मी आधी पुण्याला ओगलेसरांना फोन लावला. ओगलेसर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन मिनिटं मला झाडलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की फ्रान्सच्या नाक्यावर टूरच्या बसमध्ये सहसा कोणी चढत नाही, ते सिगारेटी आणि दारू शोधत असतात. गप बसून निघून जायचं. काकूंना अजिबात सांगायचं नाही, म्हातारं माणूस घाबरून रडायला लागलं तर पोलिसांना आयतं बोट दाखवल्यासारखं होईल. आणि शेवटी म्हणाले, "आणि विचारलंच कोणी, तर तिचा व्हिसा आपण काढलेला नाही. एवढं पाठ करून ठेव."

सांगायचं नाही, हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. काकूंना सांगायचं तर विमानतळावरचं ते बोलणंही निघालं असतं.

साडेअकराला बस निघाली. काकू दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायच्या. मी त्यांना म्हटलं की मागे जरा मोकळं आहे, तिकडे बसा. वळणावळणाचा घाट होता आणि मागे बसलं की त्यांना मळमळतं, हे मला माहीत होतं. पिशवी उचलली, "तू म्हनतीस तर बसतो की," म्हणाल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्याकडच्या बायका आपल्याबद्दल बोलताना बसतो, येतो असंच म्हणतात. पहिल्या दिवशी ग्रुपमधल्या दोघी त्यावरून हसल्या होत्या, तेव्हा काकूही त्यांच्याबरोबर हसल्या होत्या.

रस्ता वर चढत होता. डोंगरावर अजून बर्फ होतं. लोक फोटो काढत होते, कोणीतरी भेंड्या सुरू केल्या. मी पुढच्या सीटवर पाऊच मांडीवर घेऊन बसले होते. काकूंचा पासपोर्ट काढून वेगळा ठेवावा का? पण पोलिसाने डोकी मोजली तर? मग मधेच घालावा. मी तो गठ्ठ्याच्या मधोमध घातला, पुन्हा काढला, तिसऱ्यांदा दोन जाड पासपोर्टांच्या मध्ये घातला. मागे वळून पाहिलं तर काकू डोळे मिटून, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांना उलटी होत असणार. मी उठून लिंबाची गोळी द्यायला गेले नाही. त्यांच्याजवळ जायची मला भीती वाटत होती.

नाक्यावर गाड्यांची रांग होती. एकेक गाडी थांबायची, खिडकी खाली व्हायची, पोलीस आत डोकावायचा आणि हात हलवायचा. आमच्या पुढची बस न थांबताच गेली. मी देवाचं नाव घ्यायला लागले. आमची बस आली आणि त्याने हात वर केला.

चढला तो तरुण होता, दाढी नीट कापलेली. त्याने सगळ्यांना फ्रेंचमध्ये नमस्कार केला आणि माझ्यापुढे हात केला. मी गठ्ठा दिला. तो घेऊन तो खाली उतरला आणि काचेच्या खोलीत गेला. भेंड्या थांबल्या. परुळेकर आजोबा म्हणाले, "बघा, आता इथलापण शिक्का मिळणार," आणि दोघंचौघं हसले. मी काचेतून त्याचे हात बघत होते. पान उलटायचं, खाली ठेवायचं, पान उलटायचं, खाली ठेवायचं. मग एक पासपोर्ट त्याने खाली ठेवला नाही.

तो बसपाशी आला आणि त्याने नाव वाचलं, तोडक्यामोडक्या उच्चारात. काकू मागून उठून आल्या, पदर सावरत. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. काही नाही, नेहमीची चौकशी आहे, असं मी सांगितलं.

खोलीत एक टेबल होतं आणि त्यामागे तो. आम्ही दोघी उभ्या. तो माझ्याशी इंग्रजीत बोलत होता आणि अगदी सभ्यपणे बोलत होता. तो ओरडला असता तर मी कदाचित एवढी घाबरले नसते.

"या बाई तुमच्या ग्रुपमधल्या?"

"हो. पण यांचा व्हिसा आमच्या कंपनीने काढलेला नाही."

"ते मी विचारलं नाही," तो म्हणाला. मग त्याने मला समजावून सांगितलं, मला माहीत असलेलंच. व्हिसा एकदा आत येण्याचा, तो बार्सिलोनाला वापरून झाला. मी म्हटलं, आम्ही अंडोरात राहिलो असं नाही, नुसते वाटेत थांबलो. त्याने पासपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि सकाळच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्क्यात तारीख होती.

नंतर तो म्हणाला, "तुम्हा दोघींपैकी हे कोणाला माहीत होतं?"

त्याने पेन हातात घेतलं आणि सांगितलं की कंपनीच्या माणसाने माहीत असून प्रवाशाला इथवर आणलं असेल, तर ते प्रकरण वेगळं. मग मला इथे बसावं लागेल, वरिष्ठ येतील, जबाब होईल, आणि माझी बस दुसरं कोणी घेऊन जाईपर्यंत उभी राहील. मला आईची आठवण झाली. परदेशात पोलिसांनी ठेवून घेतलं, हे तिला कोण फोन करून सांगेल, असा विचार आला. आणि शेजारी एक साठीची बाई उभी होती. साडीतली, पांढऱ्या केसांची. तिच्याकडे बघून कोणाच्याही मनात वाईट येणार नाही. तिला रागावतील आणि सोडून देतील. मला सोडणार नाहीत. हा हिशेब करायला मला फार वेळ लागला नाही.

"यांना माहीत होतं," मी म्हटलं. "यांच्या मुलीने सांगितलं होतं."

"त्यांना विचारा."

मी काकूंकडे वळले आणि मराठीत विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि जोरात मान हलवली. "व्हय, व्हय," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे बघून हसल्याही.

त्याला भाषांतराची गरज पडली नाही. त्याने एक छापील कागद ओढला आणि लिहायला लागला. दोन प्रती केल्या, दोन्हीवर काकूंची सही घेतली. काकूंनी मराठीत सही केली, सावकाश, शिरोरेघ न चुकता. मग तो उभा राहिला आणि म्हणाला की या बाईंना फ्रान्समध्ये प्रवेश नाही, यांना अंडोराच्या पोलिसांकडे परत पाठवत आहोत. तुम्ही जाऊ शकता.

सुटले, हे माझ्या मनात पहिलं आलं. दुसरं यायला बराच वेळ लागला.

काकूंना मी एवढंच सांगितलं की व्हिसात अडचण निघाली, आज आत घेत नाहीत. त्यांना क्षणभर कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली आणि म्हणाल्या, "आता त्रिशलाला कोन बघंल?" मी आपली काहीतरी बोलत राहिले, की हॉटेलची सोय होईल, की मी फोन करते. त्यांनी मला थांबवलं. "तू जा, पोरी. तीस मानसं खोळंबल्यात. मी ऱ्हातो की हितं, जानार कुठं?" आणि आपली कागदाची प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्यो त्रिशलाला दे. तिला ह्यांची भाषा वाचता येती. ती काय त्ये करंल."

अंडोराकडची एक पोलीस बाई येऊन त्यांची बॅग ओढत घेऊन गेली. काकू तिच्या मागून गेल्या. त्यांना वाऱ्याने पदर आवरत नव्हता.

बसमध्ये सगळ्यांनी मला घेरलं. कागदाची अडचण आहे, त्या उद्या-परवा येतील, असं मी सांगितलं. लोक हळहळले, मग बस निघाल्यावर खाली दिसणारी दरी बघायला लागले. परुळेकर आजोबा मात्र माझ्या सीटपाशी आले आणि हळूच म्हणाले, "शिक्क्यामुळे तर नाही ना झालं?" नाही, असं मी त्यांना सांगू शकत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि तुलूझ येईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

कागद माझ्या पाऊचमध्ये होता. फ्रेंच मला येत नव्हतं, पण त्यात काकूंचं नाव होतं आणि दोन ठिकाणी माझंही होतं. वाटेत हायवेवर बस थांबली. सगळे स्वच्छतागृहाकडे गेले आणि मी कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिले. कागद हातात होता. टाकला नाही. त्यात शूरपणा काही नव्हता. काकू फोनवर लेकीला कागदाचं सांगतील, मग तो कुठे गेला हे विचारलं जाईल, म्हणून टाकला नाही. घाबरट माणूस फार पुढचा विचार करतं.

चार वाजता तुलूझ आलं. नवरा एकटाच येईल असं मला वाटलं होतं. पण बसथांब्याच्या बाकावर त्रिशला स्वतः बसली होती, एक हात कमरेवर ठेवून. आईचंच कपाळ, आईचेच डोळे. बस थांबल्यावर ती उठली आणि दारातून उतरणारं एकेक माणूस बघायला लागली. शेवटचं माणूस उतरलं तरी ती दाराकडेच बघत होती.

"आई झोपलीय का?" तिने मला विचारलं.

मी तिला बाकावर बसायला लावलं आणि सांगितलं. म्हणजे काकूंना सांगितलं होतं तेवढंच. तिने नवऱ्याला, अभयला, हाक मारली. तो गाडी लावून धावत आला. मग मी कागद दिला. तिने तो एकदा वाचला, परत वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवून मला मराठीत सांगितलं, "यात लिहिलंय की एकदाच प्रवेश आहे हे आपल्याला माहीत होतं, असं प्रवाशाने कबूल केलं. प्रश्न तिच्या भाषेत विचारला. दुभाषी म्हणून तुमचं नाव आहे."

मी मान हलवली.

"पण आईला माहीत नव्हतं. मलाच नक्की माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं होतं, टूरवाल्या बाईंना विचारून घे. तिने विचारलं नाही?"

"विचारलं," मी म्हटलं. "मुंबईला. मी बघितलं नाही."

"मग तिथे ती हो कशी म्हणाली?" तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच कोडं सोडवत होती. "तुम्ही तिला नक्की काय विचारलंत?"

अभय माझ्याकडे बघत होता. ती बघत होती. मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. म्हातारं माणूस गोंधळलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खपलंही असतं. पण तिने पोटावर हात ठेवला होता, आणि मला एकदम त्या पोटाची, आतल्या जिवाची भीती वाटली. पोलिसाच्या पेनाची वाटली होती त्याहून जास्त.

"मी विचारलं," मी म्हटलं, "काकू, उभं राहून पाय दुखले असतील, खुर्ची मागू का?"

मग त्रिशलाने कागदाची नीट घडी घातली आणि ती माझ्या हातात परत दिली. "मला डॉक्टर जाऊ देणार नाहीत," ती म्हणाली. "अभय नेईल तुम्हाला. हेच तिथे जाऊन सांगा. याच शब्दांत."

ग्रुप हॉटेलवर पोचवायचं काम मी परुळेकर आजोबांवर टाकलं, आणि टाकताना त्यांना सांगितलं की शिक्क्याचा दोष नव्हता, माझा होता. ओगलेसरांना फोन केला. ग्रुप सोडून गेलीस तर पुण्याला ऑफिसात यायची तसदी घेऊ नकोस, असं ते म्हणाले. ते पुढे खरं झालं. अभयने दोन तास गाडी चालवली.

नाक्यावर तोच दाढीवाला होता. मी इंग्रजीत सांगितलं, त्याने फ्रेंचमध्ये लिहिलं, अभयने वाचून पाहिलं आणि मी सही केली. मला ठेवून घेतील म्हणून मी टूथब्रशसुद्धा बरोबर घेतला होता. त्याने ठेवून घेतलं नाही. फक्त विचारलं, असं का केलंत? भीती वाटली, मी म्हटलं. तेही त्याने लिहून घेतलं का, ते मी पाहिलं नाही. वरिष्ठांकडे पाठवतो, दोन-तीन दिवस लागतील, असं तो म्हणाला.

माझा व्हिसा कितीही वेळा ये-जा करण्याचा होता. मी चालत सीमा ओलांडून अंडोराच्या पोलिसांनी काकूंना ठेवलं होतं त्या हॉटेलवर गेले आणि तिथेच राहिले. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की खरं काय ते मी सांगितलंच नाही. माझ्यासाठी नोकरी सोडून आलीस होय, असं म्हणून त्या रडल्या. दोन दिवस आम्ही एका खोलीत होतो. बोलायला वेळच वेळ होता, आणि रोज मी उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशलाला मुलगी झाली. दवाखान्यात तिच्याजवळ अभय होता, आणखी कोणी नव्हतं. काकूंनी फोन कानाला इतका घट्ट लावला होता की त्यांच्या गालावर वळ उठला. नातीचं रडणं त्यांनी तसंच उभ्याने ऐकलं.

तिसऱ्या दिवशी काकूंना फ्रान्समध्ये घ्यायची परवानगी आली. आम्ही त्याच काचेच्या खोलीत उभ्या होतो, त्याच टेबलापाशी, पासपोर्ट परत मिळायची वाट बघत. बाहेर अभयची गाडी येऊन थांबलेली दिसत होती. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे मला कळलं. मी सगळं सांगितलं. मुंबईचं, शिक्क्याचं, आणि त्याने काय विचारायला सांगितलं होतं आणि मी काय विचारलं तेही. तुम्ही खुर्चीला हो म्हणालात आणि मी ते गुन्ह्याला लावलं, म्हटलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. त्या मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"मला खुर्ची कुठं पायजे हुती गं?" त्या म्हणाल्या. "पाय बी दुखत न्हवते. तू येवढं मायेनं इचारलीस, मग न्हाई कसं म्हनू?"